जुना सिग्नल जनरेटर पारखताना

वापरलेला सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेची विद्युत लहर तयार करणारे यंत्र, हाती आला की लगेच प्लग खोचायचा मोह होतो. तो आवरून आधी मागची व्होल्टेज निवडायची खटकी पाहावी. 115 वर ठेवलेले यंत्र 230 व्होल्टला जोडले, तर पुढे पारखायला फारसे काही उरत नाही. अर्थिंगही शाबूत हवे. ट्रान्सफॉर्मरवर चालणारे यंत्र असेल तर पहिल्यांदा ते फिलामेंटच्या बल्बशी सीरिजमध्ये जोडून सुरू करावे. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, नसेल तर क्षणभर उजळून मंदावतो.

हा बल्ब मला फार आवडतो, कारण त्याचा हाच गुण एका प्रसिद्ध जनरेटरच्या पोटात आहे. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड तारेच्या रोधाच्या दहापटीहून जास्त होऊ शकतो. 1930च्या दशकाच्या अखेरीस विल्यम ह्यूलेट यांनी वीन ब्रिज ऑसिलेटरच्या (साइन लहर निर्माण करणाऱ्या एका मंडलाच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेत, छोटा बल्ब बसवला. लहर मोठी होऊ लागली की बल्ब तापतो, रोध वाढतो आणि ॲम्प्लिफायरचा गेन (लहर किती पट वाढते ते प्रमाण) उतरतो. लहर लहान झाली की उलटे घडते. साइन लहर आपोआप ठरलेल्या उंचीवर स्थिरावते. असे यंत्र घेतले असेल तर रेंज बदलताना लहर दोन-चार हेलकावे खाईल. घाबरू नका, फिलामेंटला तापायला-निवायला वेळ लागतो म्हणून ते होते.

नवख्याला खरा धक्का बसतो तो नंतर. जनरेटरवर 1 व्होल्ट लावला आणि ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) 2 दिसले! यंत्र बहुधा ठीकच असते. बहुतेक जनरेटरच्या आउटपुटला आतून 50 ओहमचा रोध असतो आणि समोरही 50 ओहमचाच भार असेल असे धरून आकडे छापलेले असतात. स्कोपचा रोध असतो 1 मेगओहम, त्यामुळे आतल्या रोधावर जवळजवळ काहीच व्होल्टेज पडत नाही आणि पूर्ण दुप्पट दिसते. स्कोपच्या टोकाला 50 ओहमचा टर्मिनेटर (भार म्हणून टोकाशी जोडायचा रोध) लावा. व्होल्टेज बरोबर निम्मे झाले तर आतला रोध शाबूत आहे. निम्म्याहून बरेच खाली गेले, तर आधीच्या कोणीतरी आउटपुटच्या सॉकेटमध्येच बाहेरचे व्होल्टेज घुसवून तो रोध भाजला असण्याची शक्यता मोठी. (जुन्या ऑडिओ यंत्रांत 50च्या जागी 600 ओहम असू शकतात. आधी सॉकेटशेजारचा आकडा वाचावा.)

टर्मिनेटर तसाच ठेवून ॲटेन्युएटरची (आउटपुट ठरावीक पटीने कमी करणाऱ्या नॉबची) एकेक पायरी उतरावी: 20 डेसिबलला व्होल्टेज दहावा हिस्सा झाले पाहिजे. एकच पायरी चुकत असेल तर तिथला रिले किंवा संपर्क गंजलेला असतो. नॉब बऱ्याचदा फिरवल्यावर कधीकधी तो सुधारतो.

वारंवारतेची परीक्षा मात्र अर्धा तास यंत्र तापल्यावरच घ्यावी. काही प्रमाणवेळ केंद्रे (अचूक वेळ सांगणारी रेडिओ केंद्रे) नेमक्या 10 मेगाहर्ट्झवर प्रसारण करतात. शॉर्टवेव्ह रेडिओवर तसे केंद्र लावून जनरेटरही त्याच आकड्यावर ठेवावा आणि त्याच्या आउटपुटला जोडलेली छोटी तार रेडिओजवळ आणावी. दोन लहरींच्या फरकाइतक्या वेळा आवाज दर सेकंदाला चढतो-उतरतो. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक कोटीत 1 हर्ट्झचा फरक, आणि तो घड्याळ नि कान वापरून मोजता येतो. मोजलेला फरक तारखेसह चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवावा. वारंवारता धरून ठेवणारा आतला स्फटिक वर्षभरात किती सरकला, ते पुढच्या नोंदीशी ताडून कळेल.