टीएसएच नॉर्मल, तरी थकवा जात नाही: थायरॉईडची गोळी बदलण्याआधी

रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक; थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं) २.१ आलेला असतो, म्हणजे ०.४ ते ४ या मर्यादेत अगदी व्यवस्थित. तरीही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, केस गळत राहतात, वजन हलत नाही. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉईडसाठीची थायरॉक्सिनची (टी४ची) रोजची गोळी, घेणाऱ्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणांची ही तक्रार असते. 'रिपोर्ट चांगला आहे, मनावर घेऊ नका' असं म्हणून त्यांची बोळवण करणं चूक आहे. पण तडकाफडकी औषध बदलूनही बहुतेकांचं भलं होत नाही.

आधी एकच रिपोर्ट न बघता मागचे तीन-चार शेजारी ठेवून बघावेत. टीएसएच कधी १, कधी ७, कधी ३ असा हेलकावत असेल, तर गोळी रोज सारखी शोषली जात नाही. याचं कारण बहुधा सकाळच्या धांदलीत सापडतं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफीला निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून त्या आणि थायरॉईडची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं आणि थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. अशा वेळी डोस वाढवावा लागू शकतो. सकाळ जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. बाटली ओट्याजवळच्या उष्ण, दमट फडताळात ठेवू नये. कंपनी बदलली तर मात्रा तीच असली तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे सात दिवसांचा असल्यामुळे त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो.

केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन हे जीवनसत्त्व काही प्रयोगशाळांच्या चाचणीत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसतो, आणि त्यावरून कोणी डोस उतरवला तर त्रास आणखी वाढतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावं. रक्त द्यायच्या दिवशी थायरॉईडची गोळी नमुना दिल्यावर घ्यावी.

टीएसएच खरोखर स्थिर असेल तर थकव्याचं मूळ दुसरीकडे शोधावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही बघावं. हिमोग्लोबिन ठीक असतानाही हा साठा रिता असू शकतो. शाकाहारी माणसाचं बी१२, रात्री घोरणाऱ्याची झोप, रजोनिवृत्ती, नैराश्य यांचीही लक्षणं थायरॉईडसारखीच दिसतात. हाशिमोटोच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांत ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा, आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि त्यातही शोषण बिघडतं.

एवढं करूनही त्रास उरला, तरच टी३ या दुसऱ्या थायरॉईड संप्रेरकाची गोष्ट काढावी. शरीर टी४पासून टी३ बनवतं, पण काहींच्या बाबतीत हे रूपांतर कमी पडत असावं असा अंदाज आहे. १९९९ मध्ये एका छोट्या अभ्यासात टी३ जोडल्याने रुग्णांना बरं वाटल्याचं दिसलं. पुढच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी फायदा दिसला नाही, तरी काही रुग्णांनी तीच जोडगोळी पसंत केली. म्हणून हा प्रयोग मुदतीचा असावा, आणि तो एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (संप्रेरकतज्ज्ञाच्या) हाताखालीच व्हावा. युरोपीय थायरॉईड संघटनेने २०१२ मध्ये दिलेलं गणित असं: सध्याच्या टी४च्या डोसला वीसने भागलं की टी३ची मात्रा मिळते, आणि टी४ त्याच्या तिपटीने कमी करायचं. रोज १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्याला टी३ ५ आणि टी४ सुमारे ८५. टी३ रक्तात दोन-चार तासांत शिखर गाठतं आणि लवकर ओसरतं, म्हणून ते दिवसातून दोनदा विभागून देतात. टी४ कमी न करता टी३ वर चढवलं तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो. मोठ्या मात्रेची गोळी घरी सुरीने कापून घेणंही धोक्याचं, कारण तुकडे कधीच सारखे होत नाहीत.

प्राण्यांच्या ग्रंथीपासून केलेल्या गोळीत टी४ आणि टी३ साधारण ४:१ असतात. माणसाची ग्रंथी याहून कितीतरी कमी टी३ सोडते. 'नैसर्गिक' म्हणून ती सौम्य समजू नये.

तीन महिन्यांत फरक पडला नाही तर जुन्या गोळीवर परतावं. हृदयाचा ठोका अनियमित असेल किंवा हृदयविकार असेल, तर टी३च्या वाटेला जाऊच नये. गरोदरपणातही नाही: बाळाच्या मेंदूला पहिल्या महिन्यांत आईचं टी४च लागतं. उलट गर्भ राहिल्याचं कळताच टी४चा डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो, तेव्हा पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.