हात कधी बोलतो, कधी नुसता हलतो?

जनावरांच्या बाजारातला जुना सौदा पाहण्यासारखा असतो. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर येतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव करतात. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा चालू असतात. आकडा कळतो तो त्या दोघांनाच. हेच हात दिवसभर हातवारे करतात, तंबाखू मळतात, बैलाच्या पाठीवर थाप मारतात, आणि त्यातल्या कशाचाही अर्थ कोणी ‘पाचशे वाढवले’ असा घेत नाही. रुमाल पडला की मात्र प्रत्येक बोट मोजले जाते. रुमाल निघाला की हात पुन्हा मोकळे.

हाताच्या खुणांवर चालणारा संगणक घडवणारे गेली चाळीसेक वर्षे हा रुमाल शोधत आहेत.

वाचकाला वाटेल की अवघड काम हात ओळखण्याचे असणार. एकेकाळी होतेही. २०१० साली मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट हे अंगाच्या हालचालींनी खेळ खेळायचे यंत्र आले. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या ठिपक्यांची जाळी खोलीभर पसरायचे आणि ठिपके कुठे कसे सरकले यावरून कोणती वस्तू किती दूर आहे हे ताडायचे. पुढे तेवढाही खटाटोप उरला नाही. २०१९ मध्ये गूगलने मीडियापाइप या सॉफ्टवेअरच्या संचातून जी पद्धत खुली केली, तिला मोबाइलचा साधा कॅमेरा पुरतो. ती आधी तळहात हुडकते, कारण बोटे शेकडो प्रकारे वळतात, पण तळहाताचा आकार फारसा बदलत नाही. मग त्या हातावर २१ बिंदू बसवते: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. अंगठ्याच्या टोकाचा बिंदू तर्जनीच्या टोकाला भिडला की चिमूट झाली, इतके सोपे गणित. अंधूक उजेडात किंवा एका हाताआड दुसरा गेल्यावर ती अजून चुकते, पण हात दिसणे हा आता मोठा प्रश्न राहिलेला नाही.

प्रश्न पुढे आहे. माउसवरचा हात उचलून आपण कान खाजवला तर संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. मोबाइलच्या काचेवरून बोट उचलले की गप्प. हवेत मात्र ‘उचलणे’ असे काही नसतेच. कॅमेऱ्यासमोरचा हात सतत काहीतरी सांगतो आहे, असेच यंत्राला दिसते.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. १९८० साली एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक खोली उभी केली होती. समोर भिंतीएवढा पडदा, मध्ये खुर्ची, आणि हाताचा रोख चुंबकीय क्षेत्रावरून टिपणारा एक छोटा संवेदक. खुर्चीतला माणूस पडद्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून म्हणायचा, ‘ते’, मग दुसरीकडे बोट नेऊन, ‘तिथे ठेव’. हात कुठेही भटकला तरी बिघडत नव्हते, कारण ‘ते’ आणि ‘तिथे’ हे शब्द उच्चारले जात त्याच क्षणीचे बोट मोजले जाई. इथे शब्दांनी रुमालाचे काम केले. आपणही दुकानात असेच करतो: ‘ती निळी नको, त्याच्या खालची दाखवा.’

या धड्याची किंमत खरी कळते ती शस्त्रक्रियागृहात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांबरोबर किंग्ज कॉलेज आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केलेल्या कामाचा लेख २०१४ साली प्रसिद्ध झाला. अडचण साधी पण जिवाशी गाठ असलेली आहे. हात निर्जंतुक करून, हातमोजे घालून डॉक्टर टेबलाशी उभे आहेत. महाधमनीचे चित्र थोडे फिरवून पाहायचे आहे, आणि माउसला हात लावता येत नाही. मग दुसऱ्याला सांगत बसायचे: उजवीकडे, अजून थोडे, नाही, मागे. हवेतल्या खुणांनी हे काम व्हावे, यापरते बरे काय?

पण तिथे उभे राहून पाहिले की एकेक गाठ दिसू लागते. निर्जंतुक हात छातीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यातच ठेवायचे असतात, त्यामुळे डोक्यावरून हात फिरवण्याची ऐटबाज खूण बाद. टेबलाभोवती माणसे खांद्याला खांदा लावून उभी, म्हणून हात पसरायला जागा नाही. कित्येकदा एका हातात उपकरण अडकलेले असते, तेव्हा दोन हातांची खूण एकानेही जमली पाहिजे. आणि डॉक्टर सहकाऱ्याला समजावताना पडद्याकडे बोट दाखवणारच. ती सहकाऱ्यासाठी केलेली खूण आहे, यंत्रासाठी नव्हे. म्हणून तिथेही शब्द मदतीला घ्यावा लागला. काय करायचे ते तोंडी सांगायचे, आणि किती फिरवायचे, किती मोठे करायचे ते हाताने. हाताचे खरे बळ या ‘किती’मध्ये आहे, असे मला वाटते. हो-नाही सांगायला शब्द किंवा बटण केव्हाही सरस.

दुसरा शत्रू थकवा. ६० किलोच्या माणसाचा एक हात खांद्यापासून सुमारे ३ किलो भरतो. तो समोर ताणून धरला की सगळा भार खांद्यावर. दोनचार मिनिटांत खांदा भरून येतो. या तक्रारीला संगणकवाल्यांनी फार पूर्वीच ‘गोरिलाचा हात’ असे नाव दिले आहे. किनेक्टच्या खेळांत पडद्यावरच्या बटणावर हात नेऊन तो तसाच धरून ठेवावा लागे. चुकून निवड होऊ नये म्हणून योजलेला हा उशीरच खांद्याला जड जायचा.

२०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो या चष्म्याने यावर चांगला तोडगा काढला. नेम धरायचा डोळ्यांनी आणि चिमूट करायची मांडीवर ठेवलेल्या हाताने. चष्म्याचे काही कॅमेरे त्यासाठी खाली पाहतात. चिमटीला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि कातडीला कातडी लागल्याने ती झाल्याचे आपले आपल्यालाच कळते. स्वयंपाकघरात मात्र मीठ टाकतानाही आपण चिमूटच करतो, तेव्हा नजर कुठे आहे हे यंत्राने पाहणे तिथे अत्यावश्यक.

मग खुणा ठरवायच्या कोणी? २००९ साली जेकब वॉब्रॉक या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २० सामान्य माणसांना स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याच्या टेबलापुढे बसवले, २७ कामे दिली आणि प्रत्येक कामासाठी ‘एका हाताने आणि दोन्ही हातांनी तुम्ही कशी खूण कराल?’ असे विचारले. १,०८० खुणा जमल्या. तज्ज्ञांनी स्वतः योजलेल्या खुणांत लोकांच्या पसंतीच्या खुणांपैकी सुमारे ६० टक्केच सापडल्या. किती बोटे लावली याचीही बहुतेकांना फिकीर नव्हती. तीन बोटांचा अर्थ एक आणि चार बोटांचा दुसरा, असे ठरवणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवे. आणि हा तर एका ठिकाणचा प्रयोग. उंचावलेला अंगठा पडद्यावर ‘आवडले’ म्हणतो, पण आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे फसवून मोकळे होणे.

पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९ मध्ये एमआयटीतून दाखवलेल्या ‘सिक्स्थ सेन्स’ या गळ्यात अडकवायच्या कॅमेऱ्याच्या यंत्रात दोन्ही हातांच्या बोटांची चौकट धरली की फोटो निघायचा. अशी चौकट सहजासहजी चुकून होत नाही, म्हणून ती खूण मला फार आवडते.

गूगलच्या सोली प्रकल्पाने कॅमेराच वगळून ६० गिगाहर्ट्झचे इवलेसे रडार वापरले. २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये ते बसवले, पण भारतात त्या लहरींना परवानगी न मिळाल्याने तो फोन इथे विक्रीला आलाच नाही, आणि पुढच्या फोनमधून रडार गेले. फोनवर हात फिरवून गाणे बदलणे एवढ्यासाठी ते महागच होते. पण सोलीची मूळ कल्पना वेगळी होती: अंगठा तर्जनीवर घासायचा, जणू तिथे एक अदृश्य चकती आहे.

ती चित्रफीत पाहताना मला आजी आठवली. चार बोटांची बारा पेरे, त्यांवरून अंगठा नऊ वेळा फिरला की १०८ चा जप पूरा. हात पदराखाली, डोळे चुलीवरच्या दुधाकडे, आणि मध्येच कोणी हाक मारली तर अंगठा त्या पेरावर थांबून राहायचा.