ॲन राणीचे म्हणवले जाणारे पिस्तूल

'क्वीन ॲन पिस्तूल' या नावाने ओळखले जाणारे चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने बार उडणारे छोटे पिस्तूल इंग्लंडच्या ॲन राणीसाठी घडवले गेले, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. ॲनचे राज्य १७०२ ते १७१४ एवढेच चालले. या घाटाची पिस्तुले मात्र लंडनचे कारागीर तिच्या मृत्यूनंतरही अनेक दशके बनवत होते आणि ती सधन नागरिक स्वसंरक्षणासाठी विकत घेत.

पिस्तुलावरचा मुकुट पाहून अनेकांची फसगत होते, आणि ती समजण्याजोगी आहे. पण १६३७ साली सनद मिळालेली लंडनची बंदूककारांची कंपनी चाचणीत टिकलेल्या नळ्यांवर मुकुटाखाली 'जीपी' आणि 'व्ही' अशी अक्षरे ठोकत असे. तो तपासणीचा शिक्का होता, राजघराण्याच्या मालकीचा नव्हे.

या पिस्तुलाचे खरे मोल त्याच्या रचनेत आहे. आटे फिरवून नळी काढायची, मागच्या कोठीत दारू भरायची, तिच्यावर नळीच्या छिद्रापेक्षा किंचित मोठी गोळी ठेवायची आणि नळी पुन्हा बसवायची. त्यामुळे ठासणीचा गज लागत नसे आणि गोळी घट्ट बसल्याने दारूचा जोर वाया जात नसे.