गिटच्या कमांड अशा का?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ते शिकायला बसलं की लवकरच दोन ठिकाणी अडतं. फाइल सेव्ह केलेली असूनही आधी ‘गिट ॲड’ आणि मग नोंद पक्की करायला ‘गिट कमिट’ असं दोनदा का सांगायचं? आणि ‘गिट चेकआउट’ ही एकच कमांड कधी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलते, तर कधी फाइलमधले आपले बदल पुसून टाकते, ते का? नवशिक्याला वाटतं, आपलंच डोकं चालत नाहीये. पण दोष त्याचा नाही. या कमांड कुणी एकानं एकाच वेळी आखलेल्या नाहीत, त्या थरावर थर चढत आल्या आहेत.

१९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन लिहिलं. प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत न ठेवता फक्त फरक साठवायचे, ही त्यातली कल्पना. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे तशाच कामाचं साधन तयार केलं. इथे चेकआउट म्हणजे बदल करण्यासाठी फाइल कुलूप लावून घेणं. तुम्ही ती परत जमा करेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं.

ॲमस्टरडॅममध्ये हे थांबणं परवडेना. तिथले प्राध्यापक डिक ग्रुन दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि स्वतः ग्रुन यांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलूप लावून एक जण घरी गेला की बाकीचे दोघे अडकणार. म्हणून त्यांनी आरसीएसवर शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या याद्या, रचल्या. तिघांनीही आपापल्या प्रतीत काम करायचं आणि बदल नंतर एकत्र करायचे. १९८६ मध्ये त्यांनी हे सीव्हीएस सर्वांसाठी खुलं केलं. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच, गिटपेक्षाही मोठं. २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेल्या सबव्हर्जननं सीव्हीएसच्या उणिवा दूर केल्या, पण सगळा इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायची पद्धत तशीच राहिली.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम २००२ पासून बिटकीपरवर चालत होतं. तेही आवृत्त्या सांभाळणारंच, पण खासगी कंपनीचं सॉफ्टवेअर, अटींवर फुकट दिलेलं. प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याच्याशी बोलणारं स्वतःचं साधन लिहायला घेतलं, वाद पेटला आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीनं ती सवलत काढून घेतली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं आणि ७ तारखेला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

त्या पहिल्या गिटमध्ये ‘ॲड’ नव्हतं, ‘कमिट’ही नव्हतं. ‘अपडेट-कॅश’नं फाइल नोंदवायची. ‘राइट-ट्री’ चालवलं की चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलींच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, मिळायचा. तो आणि आधीच्या कमिटचा हॅश ‘कमिट-ट्री’ला हातानं द्यायचा. टॉरवाल्ड्स यांना हवा होता वेग: सतरा हजारांहून जास्त फाइलींच्या कर्नलवर शेकडो पॅच (इतरांनी पाठवलेले बदल) झटपट लागले पाहिजेत. म्हणून पुढच्या कमिटमध्ये काय जाणार याची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवायची. तिलाच आज इंडेक्स किंवा स्टेजिंग म्हणतात. ‘ॲड’ आणि ‘कमिट’ या दोन पायऱ्या तिथून आल्या. रोजच्या वापराच्या सोप्या कमांड नंतर या पायावर बांधल्या गेल्या. जुलै २००५ पासून गिटची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे आहे.

चेकआउटचा गुंता सुटायला २०१९ उजाडावं लागलं. २.२३ या आवृत्तीत ब्रँच बदलायला ‘स्विच’ आणि फाइल पूर्ववत करायला ‘रिस्टोर’ अशा दोन वेगळ्या कमांड आल्या. जुनी कमांड काढलेली नाही, त्यामुळे ट्यूटोरियलमध्ये दोन्ही पद्धती दिसतात. नव्यानं शिकणाऱ्यांनी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’पासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. चेकआउट दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट वाचताना भेटेलच, तेव्हा शिकता येईल.