तिसरीच्या पोटातला रहाट

रविवारी भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या होत्या. घमेल्यात त्या धुता धुता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मोबाइलवर आलंय, यांच्यात प्लॅस्टिक असतं म्हणे. मीठ-हळद चोळली की जाईल ना?"

नाही जाणार. ते शिंपल्यावर नसतं, पोटात असतं.

५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. झिजलेली जाळी, दोर, पिशव्या, धुतलेल्या कपड्यांचे तंतू, सगळं खाडीतच येतं. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. पिशवीचं पॉलिथिन तरंगतं, पण त्यावर शेवाळ-जिवाणूंचा थर चढला की तेही बुडतं. आणि तळाच्या वाळूत तिसरी असते.

वाळूत रुतलेली तिसरी दोन नळ्या वर काढते. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. ते ओढतात कल्ल्यांवरचे अतिसूक्ष्म केस, वाऱ्यावर भाताचं शेत डुलावं तसे लयीत हलत. पाण्यातले कण कल्ल्यांवरच्या बुळबुळीला चिकटतात. तोंडाशी असलेल्या पाळ्या मग त्यांची निवड करतात. नको असलेले कण त्याच बुळबुळीमध्ये गुंडाळून, न गिळताच बाहेर. कणाचा आकार केवढा, पृष्ठभाग कसा, यावर हे ठरतं. शेवाळाचा थर चढलेलं प्लॅस्टिक इथे अन्न म्हणून खपून जाऊ शकतं.

आता माझा सर्वांत आवडता भाग. निवडलेल्या कणांची बुळबुळीत दोरी पोटाकडे निघते, आणि तिथे काचेसारखी पारदर्शक काडी स्वतःभोवती गरगर फिरत असते. रहाटाने दोर ओढावा तशी ती ही दोरी आत ओढून घेते. तिचं टोक जठरातल्या टणक भागावर घासत विरघळत राहतं आणि त्यातून पाचक विकरं सुटतात. शेवाळ पचवायला ही विकरं पुरतात, नायलॉनपुढे त्यांचं काही चालत नाही. २००८ साली मसल जातीच्या शिंपल्यांवर झालेल्या प्रयोगात तर काही मायक्रोमीटरचे प्लॅस्टिकचे कण पोटातून रक्तद्रवात उतरले आणि ४८ दिवसांनंतरही तिथे सापडले.

बांगड्याचं पोट आपण काढून टाकतो. तिसऱ्या, कालवं, जवळा मात्र पोटासकट खातो, म्हणून काळजी यांची जास्त. तरीही 'आपण दर आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो' हा २०१९ पासून फिरणारा आकडा नंतरच्या हिशेबांत फारच फुगलेला निघाला. शरीरातलं प्लॅस्टिक काढणारा काढा विकणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये.

स्वच्छ समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवल्यावर शिंपले थोडं प्लॅस्टिक बाहेर टाकतात. २०१४ च्या एका अभ्यासात ३ दिवसांनी मसलमधले कण ग्रॅममागे ०.३६ वरून ०.२४ वर आले. कमी झाले, संपले नाहीत.

वहिनींनी निम्म्या तिसऱ्या रात्रभर समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. सकाळी घमेल्याच्या तळाशी वाळू होती आणि तिच्यात केसाएवढा एक निळा धागा. मी सुई तापवून त्याला टेकवली. सुती असता तर नुसता करपला असता. हा आखडला आणि त्याचा गोळा झाला.