पार्श्वभूमी: दुपारचा चहा आणि वरच्या खोलीचा दर

मोठ्या हॉटेलातल्या दुपारच्या चहाचे मूळ इंग्रजी, हे सर्वांना ठाऊक आहे. १८४० च्या दशकातल्या सरदारी घरांतून तो हॉटेलांच्या दालनांत आला आणि तिथून वसाहतींत. मुंबईत त्याचा पत्ता म्हणजे अपोलो बंदर. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता. तो १९२४ मध्ये पूर्ण झाला. हॉटेलची भिस्त होती बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. पहिल्या महायुद्धात तिथे काही काळ इस्पितळही चालले.

बोटींचा प्रवास संपला, तरी पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमधला चहा संपला नाही, कारण तोवर शहराने तो आपलासा केला होता. स्कोन आणि काकडीच्या सँडविचशेजारी भेळ आणि शेवपुरी आली. बड्या पारशी, गुजराती, मारवाडी घरांतली स्थळे खिडकीजवळच्या टेबलांवर जुळू लागली. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त पोहे नाहीत. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जुन्या इमारतीची मोठी हानी झाली. ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली, तेव्हा चहाची टेबलेही परत लागली.

हंगामी जेवणावळींमागेही हाच स्थानिक गिऱ्हाईक आहे. परदेशी पर्यटकांचा ओघ ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये तो आटतो, नेमका तेव्हा हापूस येतो आणि शाळांना सुट्ट्या लागतात. आंब्याचे महोत्सव बहुतांशी शहरातल्याच कुटुंबांसाठी भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, थंडीत उंधियो, डिसेंबरात प्लम केक. यातले कुणीही बहुधा त्या हॉटेलात मुक्कामाला नसते.

आणि तरीही त्यांच्या बिलावरचा कर मुक्कामाच्या दराने ठरतो. हॉटेलातल्या चहा-जेवणावर किती कर असावा, या सध्याच्या वादाचे मूळ इथे आहे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्याआधी पंचतारांकित उपाहारगृहांना २८ टक्के लावायचे ठरले होते. अंमलबजावणीपूर्वीच ते १८ वर आणले गेले. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बाकी उपाहारगृहांचा दर थेट ५ टक्के झाला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. ज्या हॉटेलात खोलीचा प्रसिद्ध दर दिवसाला साडेसात हजार किंवा त्याहून अधिक, तिथे मात्र १८ टक्के, वजावटीसह. म्हणजे ३,००० रुपयांच्या चहावर रस्त्यापलीकडच्या स्वतंत्र कॅफेत कर १५० रुपये आणि हॉटेलात ५४०. हॉटेलवाल्यांना वजावट मिळते हे खरे, आणि यंत्रसामग्री, झुंबरे यांवर करोडो ओतणाऱ्याला ती नकोशी नसते. पण टेबलावर बसलेल्याला वजावट दिसत नाही, बिल दिसते. श्रीमंती मोजायला खोलीचा दर हे माप सोपे होते. न्याय्य होते असे म्हणणे कठीण आहे. शिवाय ‘प्रसिद्ध दर’ म्हणजे फलकावरचा दर. पावसाळ्यात खोली प्रत्यक्षात निम्म्यात गेली तरी खाली वडापाववर १८ टक्केच.

१ एप्रिल २०२५ पासून फलकावरचा दर बाद झाला. आता आदल्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष आकारलेली रक्कम पाहिली जाते. ज्यांना वजावट हवी आहे त्यांना, दर कमी असला तरी, जानेवारी ते मार्चदरम्यान घोषणापत्र देऊन स्वतःहून १८ टक्क्यांत जाता येते. बिलात जोडल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा वाद वेगळा. ते सक्तीने घेता येणार नाही, असा निर्णय दिल्लीतल्या उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. त्यामुळे त्या आठवड्यात हॉटेलांच्या हिशेबनिसांची दुहेरी धावपळ झाली असणार.

ताजसारख्यांना कराच्या या बदलाने काही फरक पडला नाही. त्यांचा दर तसाही वर आहे. खरी ओढाताण मधल्या फळीत आहे. नव्या नियमात कोणत्याही एका खोलीसाठी साडेसात हजारांहून जास्त आकारले, की पुढचे अख्खे आर्थिक वर्ष तिथल्या उपाहारगृहाला १८ टक्के. एरवी सहा हजारांत मिळणारी खोली ३१ डिसेंबरच्या रात्री आठ हजारांना गेली, तर त्याचा भुर्दंड एप्रिलमध्ये आमरस-पुरी खायला आलेल्यांच्या बिलात दिसतो.