चित्रमय शैली (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेममधील दृश्य छायाचित्रासारखे हुबेहूब न दिसता कुंचल्याने रंगवल्यासारखे दिसावे, त्यातील फटकारे, रंगांचे थर आणि मोकळ्या ठेवलेल्या जागा खेळणाऱ्याला जाणवाव्यात, अशा रीतीने घडवलेल्या गेमकलेला चित्रमय शैली म्हणतात. तयार दृश्यावर शेवटी चढवलेला मुलामा म्हणजे ही शैली, असा समज बराच रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हा चित्रकाराचा निर्णय पहिल्या रेखाटनापासून खेळ पडद्यावर हलू लागेपर्यंत टिकवणे, हे तिचे खरे काम होय.

गोव्यातल्या चिऱ्याच्या गडग्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीचे, उदाहरण घेतले तर हे लगेच ध्यानात येते. चिरा सच्छिद्र असतो. छायाचित्रावरून त्याचे टेक्श्चर, म्हणजे गेममधील वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचे चित्र, केले, तर प्रत्येक छिद्र नोंदले जाते आणि दुरून पाहताना त्या बारकाव्यांची नुसती चुळबुळ दिसते. चित्रकार आधी भिंतीला उन्हातला तांबूस आणि सावलीतला जांभळट असे दोन मोठे रंगभाग देतो, तीन-चार ठिकाणीच छिद्रांचे पुंजके काढतो, चिऱ्यांच्या वरच्या कडांवर उजेडाचा एकेक फटकारा ठेवतो आणि पायाशी पावसाळी शेवाळाचा ओला हिरवा रंग विरघळू देतो. बाकीची भिंत पाहणाऱ्याचा डोळा स्वतः पुरी करतो. मात्र हेच टेक्श्चर लांबलचक गडग्यावर पुन्हा पुन्हा जोडले जाणार असल्याने, एखादा फटकारा फारच देखणा झाला तर तोच पुनरावृत्ती उघडी पाडतो. कॅनव्हासवर हात बसलेल्या चित्रकाराला ही शिस्त नव्याने शिकावी लागते.

त्याहून अवघड प्रश्न हलत्या कॅमेऱ्याचा आहे. चित्र एका जागेवरून पाहिले जाते, गेममध्ये मात्र खेळणारा वस्तूभोवती फिरतो. फटकारे पडद्याला चिकटवले तर पावसाने ओघळलेल्या काचेमागे जग सरकत असल्याचा भास होतो, आणि प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) ते नव्याने मारले तर सारे दृश्य थरथरते. संगणकीय चित्रणाच्या संशोधक बार्बरा मायर यांनी 1996 मध्ये मांडलेल्या पद्धतीत वस्तूंच्या पृष्ठभागावर कण पसरून प्रत्येक कणाच्या जागी एक फटकारा उमटवला जातो, त्यामुळे तो वस्तूबरोबरच हलतो. दुसरा मार्ग कुवाहारा फिल्टरचा. मिचियोशी कुवाहारा यांनी 1976 मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठी तो वापरला होता. प्रत्येक बिंदूभोवतालच्या चार भागांपैकी ज्यात रंगाचा चढउतार सर्वांत कमी, त्याची सरासरी हा फिल्टर घेतो. त्यामुळे कडा शाबूत राहतात आणि मधला भाग सपाट रंगाच्या लेपासारखा दिसतो. तो उपयुक्त आहे, पण कुठे थांबायचे हे त्याला कळत नाही.

या शैलीचे सर्वांत विचारपूर्वक घडलेले उदाहरण म्हणजे 2006 चा जपानी गेम ‘ओकामी’. आरंभी वास्तववादी असलेले त्याचे रूप तेव्हाच्या यंत्राच्या मर्यादेमुळे सोडून जपानी शाईचित्रांकडे वळवण्यात आले. त्यात खेळ थांबतो, पडदा कागद होतो आणि खेळणाऱ्याने आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो; येथे कुंचला हेच खेळाचे साधन झाले आहे. ‘ब्रेड’ (2008) मध्ये डेव्हिड हेलमन यांनी रंगवलेली पार्श्वभूमी आहे, तर ‘डिस्को एलिझियम’ (2019) मध्ये अलेक्झांडर रोस्तोव यांच्या कलादिग्दर्शनाखाली तैलरंगांचा जाड, खरबरीत पोत आला. दोन्हींत पाहण्याचा कोन जवळजवळ ठरलेला असल्याने फटकारे स्थिर ठेवणे तुलनेने सोपे गेले. पुण्यात घडलेल्या ‘राजी’ (2020) या गेमने पहाडी लघुचित्रांपासून प्रेरणा घेतली.

गोव्यातील चित्रपरंपरेत या शैलीला पोषक असे बरेच आहे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर 1972 मध्ये स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय आहे. तेथे शिकवले जाणारे रेखाटन आणि रंगज्ञान हीच गेमच्या चित्रकाराचीही पायाभरणी असते. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी येशूची माता मेरी हिला साडी नेसवून जलरंगाच्या पातळ थरांत रंगवले. एकमेकांत मिसळणाऱ्या अशा थरांतून दृश्याची खोली कशी साधावी, हे त्यांच्या चित्रांतून शिकण्यासारखे आहे. मंदिरांतील कावी कला मात्र याच्या उलट दिशेने जाते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा पातळ थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. तिच्यात अर्धछटा नाही, तांबडे आणि पांढरे एवढेच. म्हणूनच दुरून आणि हलत्या कॅमेऱ्यातूनही आकृती स्पष्ट राहावी असे दृश्य रचणाऱ्याने जलरंगाआधी कावीची एक भिंत कागदावर उतरवून पाहावी.